युद्ध संपले, बराकी राहिल्या

शाळेत एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास कुणाला तरी सांभाळावा लागतो. मी उर्दू आणि मराठी शिकवते; पण गेल्या पावसाळ्यात आठवीचा विज्ञानाचा एक तास माझ्या वाट्याला आला. धडा ध्वनीचा होता. प्रतिध्वनी म्हणजे काय, हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मॅडम, येऊरला वर एअरफोर्सचं स्टेशन आहे ना, तिथे रडार असतं का?"

वर्तकनगरच्या मुलांना येऊरचा डोंगर खिडकीतून दिसतो. उपवन तलावावर फिरायला गेले की वर जाणारा रस्ताही दिसतो. त्यामुळे प्रश्न साहजिकच होता. मी म्हटले, "तिथे आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, आणि ते विचारूही नये. पण रडार म्हणजे काय ते सांगते."

रडार म्हणजे एका परीने प्रतिध्वनीच. फक्त आवाजाऐवजी रेडिओ लहरी सोडतात. त्या प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात, विमानावर आपटतात आणि परततात. जायला-यायला लागलेला वेळ मोजला की अंतर कळते. सेकंदाचा हजारावा भाग लागला, तर विमान दीडशे किलोमीटरवर आहे. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी रेडिओ लहरींनी विमान ओळखता येते हे दाखवून दिले, आणि पाचच वर्षांत त्या देशाच्या किनाऱ्यावर उंच मनोऱ्यांची रांग जर्मन विमानांची चाहूल घेऊ लागली. रडारसाठी जी मॅग्नेट्रॉन नावाची नळी सुधारली गेली, तीच आज स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये असते. हे ऐकून मुली खूश झाल्या.

तेवढ्यात त्याच मुलाने दुसरा प्रश्न टाकला. "मॅडम, दुसऱ्या महायुद्धातलं असं काही आपल्याकडे उरलंय का? की सगळं लंडनलाच?"

घंटा झाली म्हणून मी वाचले. खरे तर उत्तर मला लहानपणापासून ठाऊक होते. फक्त ते उत्तर आहे हे कधी लक्षात आले नव्हते.

विमानाचा माळ

माझे आजोळ कल्याणचे. दरवर्षी नानीबरोबर आम्ही मलंगगडाला जायचो. कल्याणहून हाजी मलंगची बस सुटली की द्वारली मागे पडते, नेवाळी नाका येतो, आणि मग समोर गडाचा उंच सुळका दिसू लागतो. नेवाळीच्या आसपास नानी खिडकीतून बोट दाखवायची. "हा बघ विमानाचा माळ. लढाईत इथे विमानं उतरायची." आम्हाला तिथे गवत, एखाद-दुसरी म्हैस आणि लांबवर सपाट जमीन एवढेच दिसायचे. विमान काही दिसायचे नाही, म्हणून आम्ही भावंडे नानीला हसायचो.

नानी सांगायची ते खरे होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी नेवाळीला धावपट्टी बांधली. तिच्या जोडीला कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. धावपट्टीचा तो माळ अजून आहे आणि छावणीचे तर आख्खे शहर झाले. त्या शहराचे नाव उल्हासनगर.

हे सगळे कल्याणलाच का आले? डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून. ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या विशाखापट्टणम आणि काकीनाडावर. बंगालच्या उपसागरातली जहाजवाहतूक धोक्यात आली आणि सगळा भार मुंबई बंदरावर आला. बोटीतून उतरणारे सैनिक आणि सामान पुढे न्यायला रेल्वे हवी होती. कल्याणपर्यंत लोहमार्ग १८५४ सालीच आला होता. इथून एक फाटा कसाऱ्याकडून उत्तरेला जातो, दुसरा कर्जतकडून पुणे आणि दक्षिणेला. बंदरापासून दीड-दोन तासांवर, पाण्याला उल्हास नदी आणि भोवती मोकळी जमीन. सैनिकांना उतरवून घेऊन पुढे पाठवायला याहून सोयीची जागा कुठली?

नानीचे अब्बा, म्हणजे माझे परनाना, कल्याण स्टेशनवर टांगा चालवायचे. युद्धाच्या काळात त्यांच्या घोड्याला उसंत नव्हती. स्टेशनपासून छावणीपर्यंत गोरे सोजीर टांग्याने जायचे आणि मागितले ते भाडे द्यायचे. नानी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. तिला आठवायचे ते वेगळेच. रात्री खिडक्यांना काळा कागद, कंदिलाच्या काचेला काळे फडके, रॉकेलसाठी रांग, आणि तांबे वाचवायला काढलेला भोकाचा पैसा. तो १९४३ चा पैसा तिने सुईदोऱ्याच्या डबीत शेवटपर्यंत ठेवला होता. "भाडं दुप्पट मिळायचं," ती म्हणायची, "पण धान्य तिप्पट महाग झालेलं. मग मिळालं काय?"

आणि तिला आठवायचा तो जुम्म्याचा दिवस. १४ एप्रिल १९४४. मुंबई बंदरात फोर्ट स्टिकिन नावाच्या बोटीत दारूगोळा आणि कापूस एकत्र भरला होता. बोटीला आग लागली आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. शेकडो माणसे गेली, हजारो बेघर झाली. सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली. नानी म्हणायची, फळीवरची भांडी वाजली आणि सगळ्यांना वाटले, जपानी आले.

कॅम्प नंबर अमुक

त्या तासानंतरच्या रविवारी मी लेकीला घेऊन उल्हासनगरला गेले. आजही तिथे रिक्षावाल्याला "कॅम्प नंबर तीन" म्हटले की पुरते. एक ते पाच हे आकडे लष्कराच्या छावणीचे आहेत. युद्ध संपून ऐंशी वर्षे झाली, पण पत्ता अजून छावणीचाच सांगतात.

ही छावणी ६,००० सैनिक आणि इतर ३०,००० माणसांसाठी वसवली होती. तिच्यात २,१२६ बराकी होत्या. बहुतेक बराकींची रचना सारखीच, मध्ये मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपले तशी छावणी ओस पडली. मग १९४७ उजाडले. सिंधमधून, कराचीहून, बोटींनी आणि रेल्वेने लाखो सिंधी कुटुंबे निघाली. त्यांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न पडला तेव्हा कल्याणच्या रिकाम्या बराकी आयत्याच होत्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर नाव मिळाले. १९५१ च्या जनगणनेत इथे ८०,८६१ माणसे होती. कोल्हापूरजवळ वळिवडेलाही असेच घडले. तिथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. ते गेल्यावर त्याच वस्तीत सिंधी कुटुंबे आली आणि तिचे गांधीनगर झाले.

बहुतेक बराकी आता पाडून इमारती झाल्या आहेत. तरी मध्येच एखादे लांबट, बुटके, उतरत्या छपराचे घर दिसते. त्याला मध्येच भिंती घालून चार-पाच दारे केलेली असतात. अशाच एका घरात पापडांचे दुकान होते. दारावर जुनी पाटी, रंग उडालेला, लिपी अरबी वळणाची. मी थांबले. उर्दूची शिक्षिका म्हणून वाचू लागले आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळले. एका अक्षराखाली चार नुक्ते! उर्दूत असे अक्षरच नाही. सिंधीत ५२ अक्षरे आहेत, हे वाचून ठाऊक होते. त्यांनी मला अडवलेले त्या दिवशी पाहिले.

दुकानातले वृद्ध गृहस्थ हसले. म्हणाले, "बेटी, तुला अर्धं तरी येतं. माझ्या नातवंडांना एक अक्षर येत नाही. त्यांना वाटतं, ही मुसलमानांची भाषा."

त्यांनी बसायला स्टूल दिले. ते चार-पाच वर्षांचे असताना आले. हॉलमध्ये कितीतरी कुटुंबे होती. दोन कुटुंबांच्या मध्ये गोणपाटाचा पडदा. रात्री कुणाचे बाळ रडले की सगळ्यांची झोपमोड. त्यांच्या आईने निघताना शाह अब्दुल लतीफ भिटाईंच्या काव्याची पोथी कापडात गुंडाळून आणली होती, भांडी मात्र मागे राहिली. ती पोथी आहे का, असे मी विचारले. "आहे," ते म्हणाले. "पण वाचणारा मी शेवटचा."

आमच्याही घरातून त्याच काळात नानीचा एक चुलतभाऊ कराचीला गेला. माणसे आणणाऱ्या बोटी परत जाताना रिकाम्या जात नव्हत्या. त्याची उर्दू पत्रे यायची, पुढे बंद झाली. मी हे सांगितले तेव्हा ते गृहस्थ काही बोलले नाहीत. माझ्या लेकीच्या हातावर त्यांनी एक पापड भाजून ठेवला. पैसे घेतले नाहीत.

ट्रंकेतला कागद

पुढच्या आठवड्यात मी वर्गात हे सगळे सांगितले. त्यानंतर दोन दिवसांनी एका विद्यार्थिनीची आई शाळेत आली. तिचे माहेर नेवाळीच्या बाजूचे. तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. घड्यांवर फाटलेला, कडा तपकिरी झालेल्या. "मॅडम, माझ्या आजोबांच्या ट्रंकेत होता. आमची जमीन लढाईत गेली, त्याचा कागद आहे म्हणतात. वाचता येईल तुम्हाला?"

मला वाचता आला नाही. तो मोडीत होता.

तिच्या माहेरची गोष्ट ही तिच्या एकटीची नाही. युद्धात धावपट्टीसाठी त्या परिसरातली सुमारे सोळाशे एकर जमीन घेतली गेली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की ती लढाईपुरती घेतली होती, लढाई संपली की परत मिळणार होती. संरक्षण खात्याचे म्हणणे असे की ती जमीन सरकारची आहे. वर्षानुवर्षे लोक तिथे भात आणि भाजी लावत राहिले. नौदलाने कुंपणभिंतीचे काम हाती घेतले आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलन भडकले. रस्ते अडवले गेले, गाड्या जळाल्या, पोलिसांनी छर्रे झाडले. गावकरी जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या लढाईसाठी घेतलेल्या जमिनीवर माणसांचे रक्त सांडले.

कोण बरोबर, हे मी ठरवू शकत नाही. ते कागद ठरवतील. पण दोन शब्दांतला फरक प्रत्येक शेतकरी कुटुंबाला माहीत असायला हवा. एक अधिग्रहण, दुसरा संपादन. अधिग्रहणात सरकार मालमत्तेचा ताबा गरजेपुरता घेते आणि मोबदला देते; मालकी मूळ मालकाचीच राहते. संपादनात मालकीच सरकारकडे जाते. युद्धकाळात १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालच्या नियमांनी सरकारला मालमत्तेचा ताबा तातडीने घेण्याचे अधिकार दिले होते. युद्धानंतर तो ताबा पुढे चालू ठेवायला १९४७ मध्ये कायदा झाला, आणि १९५२ मध्ये अधिग्रहण व संपादनाचा स्वतंत्र कायदा आला. तेव्हा एखाद्या शेताचे नेमके काय झाले, ताबा गेला की मालकी, हे त्या शेताचा कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. त्या काळी जमीन एकाच्या नावावर आणि कसणारा दुसराच, असे सर्रास असे. मोबदला मिळालाच तर तो नावावर असलेल्याला. १९४८ च्या कूळकायद्यानुसार पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळांना मालक होण्याची वाट मोकळी झाली. पण ज्याच्या पायाखालून शेतच काढून घेतले होते, त्याने आपण कसत आहोत हे दाखवायचे कसे?

आमच्या घरात अमानत हा शब्द रोजच्या वापरातला. शेजारणीने प्रवासाला जाताना डबा ठेवायला दिला, तरी अम्मी म्हणायची, "ती अमानत आहे, हात लावू नका." घेतलेली वस्तू घेतली कशासाठी आणि परत कधी करायची, हे दोघांनाही ठाऊक असेल तर भांडण होत नाही. भांडण होते ते हे ठाऊक असणारे मरून गेल्यावर.

कागद काय म्हणाला

राज्याचे पुराभिलेख खाते मोडी वाचनाचे वर्ग चालवते. असा वर्ग केलेल्या एका सेवानिवृत्त शिक्षकांची ओळख निघाली. आम्ही दोघी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंग घेतले, दिव्याखाली धरले आणि हळूहळू वाचले. विद्यार्थिनीची आई श्वास रोखून बसली होती.

तो लढाईचा कागद नव्हता. लढाईच्या काही वर्षे आधी भरलेल्या शेतसाऱ्याची ती पावती होती. गावाचे नाव, शेताचा नंबर, भरलेली रक्कम, आणि भरणाऱ्याचे नाव. ते तिच्या पणजोबांचे होते.

बाई थोडी हिरमुसली. "म्हणजे उपयोग नाही?"

"असं कसं?" गुरुजी म्हणाले. "लढाईच्या आधी या शेताचा सारा तुमच्या घरातून जात होता, हे हा कागद सांगतो. लढाईत काय झालं ते दुसरा कागद सांगेल. या नंबरावरून तो शोधायचा."

मग त्यांनी सांगितले ते तुमच्याही उपयोगाचे आहे म्हणून लिहिते. आजचा सातबारा महाभूलेखवर घरबसल्या दिसतो. त्यात "इतर हक्क" हा रकाना नक्की वाचावा; जमिनीवर कुणाचा कसला हक्क किंवा बोजा आहे, याची नोंद तिथे असते. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक असतात. प्रत्येक फेरफार म्हणजे त्या जमिनीच्या आयुष्यातली एक घटना, मग ती वारस लागणे असो, विक्री असो की ताबा. ते एकेक करून मागे नेत गेले की जुन्या काळापर्यंत पोहोचता येते. जुने अभिलेख तहसील कार्यालयात मिळतात, आणि बरेचसे आता संगणकावरही आणले आहेत. फार जुने मोडीत असतात. मोडी वाचून घेतली की त्याची देवनागरी नक्कल करून, वाचणाऱ्याची सही आणि तारीख घालून मूळ कागदासोबत ठेवावी. मूळ कागद लॅमिनेट करू नये. कोरड्या पाकिटात, शक्यतो घडी न घालता ठेवावा. आणि तो कुणालाही देऊ नये, झेरॉक्स द्यावी.

आमच्या मुस्लिम घरांमध्ये तर हे आणखी गरजेचे आहे. जुने निकाहनामे, वाटणीपत्रे, वक्फाचे कागद कधी उर्दूत, कधी मोडीत असतात. घरातल्या तरुण पिढीला यातली एकही लिपी येत नाही. कागद जपून ठेवलेला असतो, पण त्यावर काय लिहिले आहे हे दादीबरोबर गेलेले असते. कल्याणच्या आमच्या घरातही एक पेटी आहे. ती उघडायला मला चाळीस वर्षे लागली, हे इथे कबूल करते.

परत येताना मी मुद्दाम नेवाळीच्या रस्त्याने आले. माळावर पावसाळी गवत वाढले होते. ती संरक्षण खात्याच्या ताब्यातली जागा असल्याने आत जायचा प्रश्नच नव्हता, रस्त्यावरूनच पाहिले. विमान नव्हते. पण आता मी नानीला हसले नाही. समोर मलंगगड होता. माघ पौर्णिमेला इथून हिंदू-मुसलमान दोघांचीही गर्दी वर जाते. यातल्या कितीजणांना ठाऊक असेल की वाटेतल्या या सपाट जमिनीखाली कुणाची तरी भाताची खाचरे होती?

वर्गात मी मुलांना एक काम दिले. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारायचे. तुम्ही लहान असताना आपण कुठे राहत होतो? ते घर किंवा जमीन का सोडली? आणि त्याचा कागद कुठे आहे? उत्तर वहीत लिहायचे, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून. ज्याने पहिला प्रश्न विचारला होता, त्यानेच पुन्हा हात वर केला. "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," मी म्हटले.

सोमवारी बेचाळीसपैकी एकोणतीस वह्या आल्या. त्यात त्याचीही होती. त्याच्या दादीने सांगितलेला मजकूर चार ओळींचा होता आणि शेवटी त्याने लिहिले होते, "कागद आहे. पेटीला कुलूप आहे. चावी शोधतो आहोत."